वाचनालय पडद्यावर न्या, पण पुस्तक आमच्या मालकीचे राहू द्या

प्रति,
मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई



राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांचा कारभार आपल्या खात्याकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला. ही ग्रंथालये लोकांच्या वर्गणीवर आणि श्रमावर उभी राहिली आहेत, म्हणून ते सगळ्यांना वाचता येईल असे उघड लिहितो आहे. मी एका तालुक्याच्या गावातील वाचनालयाचा कार्यवाह आहे. ग्रंथालय संघाचे अधिवेशन असो, जिल्ह्याचा ग्रंथोत्सव असो की आमची वार्षिक सर्वसाधारण सभा, हल्ली व्यासपीठावरून एक सल्ला हमखास मिळतो: काळ बदलला, वाचनालये डिजिटल करा. हा सल्ला मला मनापासून मान्य आहे. मात्र तो अमलात आणताना दोन गोष्टी हातच्या जाऊ नयेत. एक, पुस्तकावरची वाचनालयाची मालकी. दुसरी, पुस्तक आणि वाचक यांची गाठ घालून देणारा ग्रंथपाल. या दोन्ही गेल्या तर वाचनालयात संगणक दिसतील, वाचक दिसणार नाहीत.

आधी डिजिटलची बाजू मांडतो, कारण आमच्या क्षेत्रातल्या पुष्कळ जुन्या कार्यकर्त्यांना ती अजून पटलेली नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले. १८६४ साली स्थापन झालेल्या तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचे हजारो ग्रंथ त्या पाण्यात गेले. हेच वाचनालय २००५ च्या जुलैमध्येही पुराखाली गेले होते. मधल्या काळात, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, कृष्णेच्या पाण्याने सांगलीच्या नगर वाचनालयाची तीच गत केली. तेही १८६९ चे. दीडशे वर्षांच्या संस्था, पिढ्यान् पिढ्यांनी जमवलेली पुस्तके, आणि काही दिवसांचे पाणी.

भिजलेले पुस्तक कसे संपते हे ज्यांनी जवळून पाहिले आहे, ते डिजिटायझेशनला फॅशन म्हणणार नाहीत. कागद पाणी पिऊन फुगतो. कपाटातली पुस्तके एकमेकांत अशी आवळून बसतात की ओढली तर पाठीचा पुठ्ठा हातात येतो आणि पाने मागे राहतात. चित्रांची गुळगुळीत पाने वाळताना एकमेकांना कायमची चिकटतात. मग ते पुस्तक उघडत नाही, फक्त फुटते. बांधणीचा सरस विरघळतो. ऊन नसेल, आणि पावसाळ्यात ते नसतेच, तर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. त्यानंतर दाखल नोंदवहीत त्या क्रमांकापुढे ‘बाद’ असा शेरा मारणे एवढेच ग्रंथपालाच्या हाती उरते.

आणि पूर कशाला यायला हवा? जुन्या पुस्तकांना आतूनच कसर लागलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छपाईला लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यातले आम्ल वर्षानुवर्षे कागदालाच खात राहते. त्यामुळे १८३० च्या सुमाराचे, चिंध्यांपासून केलेल्या कागदावरचे पुस्तक अजून बऱ्या अवस्थेत असते आणि १९२० चे मासिक मात्र पान उलटताच बोटांत चुरा होऊन येते. मराठी नियतकालिकांचा सुवर्णकाळ म्हणून आपण ज्याचा अभिमानाने उल्लेख करतो, तो नेमका या चुरा होणाऱ्या कागदावर छापलेला आहे. राज्यातल्या जुन्या वाचनालयांच्या वरच्या कप्प्यांत, दोरीने बांधलेल्या गठ्ठ्यांत तो पडून आहे. त्याची प्रतिमा आज घेतली नाही तर पुढच्या पिढीला घेण्यासारखे काही शिल्लक राहणार नाही.

कायदा या कामाच्या आड येत नाही, उलट वाट करून देतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये तरतूद केली की, नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या ग्रंथाची छापील प्रत असेल तर जतनासाठी त्याची इलेक्ट्रॉनिक प्रत करून ठेवता येते. बहुतेक वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांपर्यंत ही गोष्ट पोहोचलेलीच नाही. ‘पुस्तक स्कॅन केले तर पोलीस केस होईल का?’ असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. आपल्या ग्रंथालय संचालनालयाने सोप्या मराठीत एक परिपत्रक काढले तर ही भीती संपेल. जतनासाठी प्रत करणे वेगळे आणि ती सगळ्यांना वाटणे वेगळे, हा फरकही त्यातच समजावून सांगता येईल. शिवाय लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे साहित्य सर्वांना खुले होते. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांचे लेखन २०११ पासून खुले आहे. हरिभाऊ आपटे तर त्याच्या कितीतरी आधीचे. अशा लेखकांच्या बाबतीत प्रती वाटायलाही आडकाठी नाही.

काम सुरू झालेलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. वाईच्या विश्वकोशाचे वीस खंड आज कुणालाही फोनवर फुकट पाहता येतात. साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली प्रकाशने संकेतस्थळावर उतरवून घेण्यासाठी ठेवली आहेत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथ संजीवनी’ या नावाने आपला दुर्मीळ संग्रह पडद्यावर आणला. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली देशाला अर्पण झाले. एका ओळीत सांगायचे तर मोठ्या संस्थांचे बरे चालले आहे. प्रश्न राज्यातल्या बाकीच्या सुमारे अकरा हजार अनुदानित वाचनालयांचा आहे.

तिथे काय घडते याचे एक उदाहरण देतो. आमच्याकडे पदव्युत्तर अभ्यास करणारी एक मुलगी आली. तिला एका जुन्या संशोधन ग्रंथातले प्रकरण हवे होते. पुण्याला जाऊन यायचे तर दिवस मोडतो आणि प्रवासाचा खर्च घरी मागायचा तिला संकोच वाटत होता. आमच्या ग्रंथपाल बाईंनी दाखल नोंदवही पाहिली, तालिका पाहिली, ग्रंथ नव्हता. मग त्यांनी साहित्य आणि संस्कृती मंडळाचे संकेतस्थळ उघडले, ग्रंथ शोधला आणि वाचनालयाच्या वायफायवरून तिच्या फोनमध्ये उतरवून दिला. फाइल उघडून अक्षर मोठे कसे करायचे, हव्या पानावर कसे जायचे, खूण कशी ठेवायची, हेही देवघेवीच्या टेबलाशी उभे राहून दाखवले. मुलीकडे फोन होता. इंटरनेट होते. ग्रंथही सरकारने केव्हाचा फुकट ठेवलेला होता. तरी तो तिच्यापर्यंत पोहोचला नव्हता, कारण तो कुठे आहे हे सांगणारे तिच्या आयुष्यात कुणी नव्हते. हे सांगणे हेच ग्रंथपालाचे काम आहे. पुस्तक कपाटात असो की पडद्यावर, ते बदलत नाही.

आता जे सांगायचे ते थोडे तांत्रिक आहे, पण आपण ते लक्षपूर्वक वाचावे. आपल्याकडे ‘डिजिटल’ म्हणून जे पुढे येते, त्यातले पुष्कळसे पानांचे नुसते फोटो असतात. फोटोतले पान माणसाला वाचता येते, यंत्राला येत नाही. ‘तगाई’ हा शब्द शोधायचा झाला तर पाचशे पानांच्या पुस्तकात पान पान चाळावे लागते. अंध वाचकाच्या फोनमधला वाचून दाखवणारा आवाज अशा पानापुढे गप्प बसतो. अंध व्यक्तींना पुस्तके वाचता येतील अशा रूपात मिळावीत यासाठीच्या माराकेश कराराला जगात सर्वांत आधी, २०१४ साली, भारताने मान्यता दिली. ‘सुगम्य पुस्तकालय’ २०१६ साली सुरू झाले. असे असताना आपल्या पैशातून तयार होणारी मराठी पुस्तके अंधांसाठी मुकी राहावीत, हे बरोबर नाही.

नव्या पुस्तकांची अडचण निराळी आहे. गेल्या तीसेक वर्षांत मराठी पुस्तके संगणकावर जुळली, पण त्यांतली बरीच श्रीलिपी, आकृती अशा जुन्या फाँटमध्ये. त्या फाइलमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेले असते. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा गुंता समोर येतो. युनिकोडमध्ये बदल करून घेतला तरी जोडाक्षरे तुटतात, वेलांट्या सरकतात, ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. कुणीतरी मराठी जाणणाऱ्या माणसाने ओळ न् ओळ तपासल्याशिवाय ते पुस्तक वाचण्याजोगे होत नाही. प्रकाशन बंद पडले, संगणक भंगारात गेला, की ती फाइलही गेली. म्हणजे १८९० चे पुस्तक कागदामुळे आणि १९९५ चे फाँटमुळे, अशी दोन्हीकडून आपली गळती चालू आहे. शासनाने ज्या ज्या पुस्तकासाठी पैसा दिला, मग तो अनुदानाचा असो, पुरस्काराचा असो की खरेदीचा, त्या प्रत्येकाची शुद्ध युनिकोड संहिता शासनाकडे जमा झालीच पाहिजे, अशी अट घालणे आपल्या हातात आहे. त्याला कायदाही नको, एक शासन निर्णय पुरेल.

आता मालकीविषयी. आमचे वाचनालय पुस्तक विकत घेते तेव्हा त्याला दाखल क्रमांक मिळतो, आतल्या पानावर शिक्का बसतो आणि ते आमचे होते. पन्नास वर्षे ते देवघेवीत फिरले तरी प्रकाशकाला पुन्हा काही द्यावे लागत नाही, आणि ते परत मागायला कुणी येऊ शकत नाही. ई-पुस्तकाचे तसे नसते. तिथे पुस्तक नव्हे, ते वाचायची परवानगी विकली जाते, तीही बहुधा मुदतीची. अमेरिकेत हार्परकॉलिन्स या प्रकाशन संस्थेने २०११ मध्ये ग्रंथालयांना सांगितले की एक ई-पुस्तक २६ वेळा वाचकाला दिले की परवाना संपेल, पुढे पुन्हा पैसे भरा. २००९ साली अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या वादातून ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या, पैसे मोजून घेतलेल्या ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकल्या. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. लोकांचे पैसे परत केले, पण पुस्तके गेली ती गेलीच. ही बलाढ्य कंपन्यांची आणि श्रीमंत देशांची उदाहरणे आहेत. आमच्यासारख्या वाचनालयाने एखाद्या कंपनीच्या वार्षिक वर्गणीवर आपला संग्रह उभा केला आणि एका मार्चमध्ये अनुदानाचा हप्ता लांबला, तर एप्रिलमध्ये आमच्या वाचकांसमोर काय असेल? छापील पुस्तकांच्या बाबतीत हप्ता लांबला तर नवी खरेदी थांबते, जुनी कपाटे रिकामी होत नाहीत.

म्हणून शासनाने राज्यासाठी ई-पुस्तके घ्यावीत ती कायमच्या हक्काने घ्यावीत. फाइल शासनाच्या ताब्यात असावी, कुठल्या एका कंपनीच्या अ‍ॅपमध्ये अडकलेली नसावी, आणि तिच्या प्रती एकापेक्षा अधिक ठिकाणी ठेवलेल्या असाव्यात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ला झाला, तेव्हा त्या प्रचंड ग्रंथालयाची तालिकासुद्धा जानेवारीपर्यंत वाचकांना दिसत नव्हती. आपल्याकडचा सगळा ठेवा एकाच सर्व्हरवर ठेवणे म्हणजे चिपळूणचा पूर पुन्हा ओढवून घेणे.

यात प्रकाशकांना आणि लेखकांना बुडवण्याचा विचार माझ्या मनात नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती मोठी नसते, आणि वाचनालयांची खरेदी हा मराठी प्रकाशन व्यवसायाचा मोठा आधार आहे. राज्याने एक फाइल घेतली आणि ती अकरा हजार वाचनालयांना दिली तर तो आधार एका झटक्यात जाईल, ही प्रकाशकांची भीती खरी आहे. त्यावर उपायही जगाने शोधलेला आहे. ग्रंथालयातून पुस्तक वाचले जाते त्याबद्दल लेखकाला सरकारने मोबदला द्यायचा, ही पद्धत डेन्मार्कने १९४६ साली सुरू केली. ब्रिटनमध्ये तिचा कायदा १९७९ साली झाला. महाराष्ट्राने असा मोबदल्याचा हक्क लेखक आणि प्रकाशक या दोघांना दिला, तर मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याच्या आनंदाला काही अर्थ येईल. ३ ऑक्टोबर २०२४ च्या त्या निर्णयानंतर कार्यक्रम पुष्कळ झाले. मराठीत लिहिणाऱ्याला प्रत्येक वाचनामागे चार पैसे मिळाले तर भाषेचे त्याहून अधिक भले होईल.

मंत्री महोदय, आता ग्रंथपालाविषयी लिहितो. हे लिहिताना मला वेदना होतात. २०२२ साली शासनाने परिरक्षण अनुदानात ६० टक्के वाढ केली. ती पुष्कळ वर्षांनी झाली, तिच्याबद्दल आम्ही आभार मानले आणि आजही मानतो. पण त्या वाढीनंतर सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाचे वर्षाचे अनुदान झाले ४८ हजार रुपये. म्हणजे महिन्याला चार हजार. त्यात पुस्तके घ्यायची, वर्तमानपत्रांचे बिल द्यायचे, वीज, जागेचे भाडे, लेखापरीक्षणाचा खर्च भागवायचा आणि ग्रंथपालाचा पगारही करायचा. गावात दिवसभर शेतमजुरी करणाऱ्याच्या हातात महिन्याकाठी जे पडते, तेवढेही या माणसाला मिळत नाही. तरी तो संध्याकाळी कुलूप उघडतो, वर्तमानपत्रे लावतो, मुलांना गोष्टीची पुस्तके काढून देतो, दिवाळी अंकांच्या योजनेची वर्गणी गोळा करतो. आता आपण त्याच्याकडून स्कॅनिंग, सूची, युनिकोड तपासणी आणि वाचकाला पडद्यावर वाचायला शिकवणे अपेक्षिणार. कोणत्या तोंडाने?

यंत्र देणे सोपे असते. एका वाचनालयात मी असा संगणक पाहिला आहे की जो योजनेतून आला, उद्घाटनाला त्याला हार घातला गेला आणि नंतर त्यावर प्लॅस्टिकचे आवरण चढले ते उतरलेच नाही. बॅटरी गेली होती, देखभालीचा करार संपला होता, आणि ज्या मुलाने त्यावर तीन हजार पुस्तकांची नोंद केली होती तो पगार परवडेना म्हणून तालुक्याला मोबाइलच्या दुकानात लागला. त्याने केलेली नोंद कुठे आहे हे तिथे आता कुणालाच सांगता येत नाही. संगणकाचा खर्च एकदाचा होता, मुलाचा पगार दरमहाचा होता. योजनेत पहिला बसला, दुसरा बसला नाही.

शेजारी काय चालले आहे तेही पाहावे. केरळ, कर्नाटक, तमिळनाडू या राज्यांत मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर गोळा होतो आणि ग्रंथालयांना स्वतःच्या हक्काचा पैसा मिळतो. कर्नाटकाने २०२० साली आपले डिजिटल सार्वजनिक ग्रंथालय सुरू केले. आपल्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात मात्र उपकराची तरतूद नाही. सगळी भिस्त अर्थसंकल्पावर. आणि हे त्या महाराष्ट्रात, जिथे देशातला पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली केला. त्याही आधी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला आपल्याकडे आणले, आणि बडोदा संस्थानातल्या खेड्यांत लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये जाऊ लागली. त्या काळातले ते सर्वांत नवे तंत्र होते. महाराजांनी पेट्या धाडल्याच, पण पेट्या चालवणारी माणसेही शिकवून तयार केली. म्हणून ते टिकले.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी. फोन प्रत्येकाच्या हातात आहे, वाचनालयच कशाला हवे? आमच्या वाचनकक्षात रोज जे दिसते त्यावरून उत्तर देतो. तिथे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले सकाळपासून बसतात, कारण घरात एका खोलीत पाच माणसे आहेत. त्यांच्याकडे फोन आहे, त्यांना हवी आहे जागा, दिवा, शांतता आणि शेजारी अभ्यास करणारा दुसरा कुणी. बालविभागात येणारे मूल पुस्तक हाताने निवडते, उलटे धरते, चित्राचे पान पुन्हा पुन्हा काढते. त्याला पडद्यावर बसवायची घाई मला तरी मान्य नाही. छापील पुस्तकांची खरेदी चालू राहिली पाहिजे, हे मी म्हणूनच ठामपणे सांगतो. उलट मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले आमचे एक जुने सभासद, ज्यांनी बारीक टाइपाची पुस्तके सोडून दिली होती, ते आता मोठ्या अक्षरात ऐतिहासिक कादंबऱ्या टॅबवर वाचतात. दोन्ही वाचकांना एकाच दारातून आत घेता आले पाहिजे. दहावीनंतर पुस्तक हाती न धरलेल्या बायकांसाठी महिला विभागात आम्ही ऐकण्याची पुस्तके सुरू केली. त्यातल्या काहींनी नंतर तेच पुस्तक छापील मागून नेले.

आणखी एक काम राज्य एकट्याने करू शकणार नाही, पण त्याचा आग्रह धरू शकते. १९५४ च्या कायद्यानुसार देशात छापले जाणारे प्रत्येक पुस्तक चार ग्रंथालयांत जमा करावे लागते. त्यांपैकी एक मुंबईचे, एशियाटिकच्या इमारतीत असलेले मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्या कायद्याच्या डोळ्यांसमोर छापील पुस्तक होते. आज केवळ ई-पुस्तक म्हणून निघणारे मराठी लेखन, फक्त इंटरनेटवर येणारे दिवाळी अंक, ऐकण्याची पुस्तके यांतले काहीही जमा करण्याचे बंधन कुणावर नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंकाची परंपरा सुरू केली. शंभर वर्षांपूर्वीचे अंक जीर्ण का होईना, गठ्ठ्यांत सापडतात. पाच वर्षांपूर्वी संकेतस्थळावर निघालेला अंक, त्या संकेतस्थळाचे भाडे थकले की, कुठेच सापडत नाही. केंद्राने कायदा बदलेपर्यंत राज्य मराठी विकास संस्थेने मराठीतले डिजिटल प्रकाशन स्वेच्छेने जमा करून घेण्याची सोय करावी. लेखक आणि संपादक आनंदाने देतील याची मला खात्री आहे.

रत्नागिरीत १८२८ साली, नाशिकला १८४० साली, पुण्यात १८४८ साली, कोल्हापुरात १८५० साली वाचनालये निघाली. तेव्हा छापील मराठी पुस्तक हीच नवलाई होती. त्या वेळच्या लोकांनी नव्या तंत्राला घाबरून दारे लावून घेतली नाहीत, ते तंत्र गावाच्या मालकीचे करून घेतले. त्यांनी उघडलेली दारे आजही खुली आहेत, आणि पडद्यावरचे पुस्तक त्याच दारांतून गावात यावे अशी आमची इच्छा आहे.

मागणी थोडक्यात मांडतो. डिजिटल ग्रंथालयासाठी जो निधी पुढच्या अर्थसंकल्पात धराल, त्यातला निम्मा तरी माणसांसाठी धरा: ग्रंथपालाचा जगण्यापुरता पगार आणि त्याचे प्रशिक्षण. स्कॅनिंगची चांगली यंत्रे प्रत्येक वाचनालयाला देऊ नका, ती पडून राहतील. जुने पुस्तक पूर्ण न उलगडता टेकून ठेवता येईल अशा पाळण्याचे एकेक यंत्र जिल्हा ग्रंथालयात ठेवा, आणि तालुक्यातली जीर्ण पुस्तके जपून तिथे नेण्या-आणण्याची व्यवस्था करा. सुरुवात नदीकाठच्या गावांपासून करा. आजवर स्कॅन झालेले सगळे एका ठिकाणी शोधता येईल अशी मराठी तालिका करा, म्हणजे तीच पुस्तके चार संस्था पुन्हा पुन्हा स्कॅन करणार नाहीत. आणि परवान्याचा कुठलाही करार करण्यापूर्वी त्याचा मसुदा ग्रंथालय संघापुढे ठेवा. आमच्यात असे अनेक जण आहेत की जे तो ओळ न् ओळ वाचतील.

पावसाळा दरवर्षी जूनमध्ये येतो. कृष्णा, पंचगंगा आणि वाशिष्ठीच्या काठच्या वाचनालयांतली जुनी पुस्तके अजून खालच्या मजल्यांवर आहेत. त्यांचे काम येत्या पावसाआधी सुरू करावे, ही विनंती.

आपला,
एका तालुका वाचनालयाचा कार्यवाह